पुढून ओढायचं की मागून?

रिद्धपूरच्या शिवारात गाडी बहुधा येताना फसते. सकाळी ती रिकामी जाते, तेव्हा पांदण तिला कशीबशी जाऊ देते. दुपारी हौद्यात संत्र्याचे चाळीस कॅरेट चढले की तीच पांदण तिला धरून ठेवते. मोर्शी तालुक्यातली ही जमीन काळी आणि खोल, बेसाल्ट झिजून झालेली. तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडते आणि पावसाळ्यात टायरच्या नक्षीत अशी गच्च बसते की दोन-चार गरक्यांत टायर गुळगुळीत. मग फोर बाय फोरचा गिअर टाकला तरी दोनऐवजी चार चाकं जागच्या जागी फिरतात, एवढाच फरक.

आंबिया बहाराची तोडणी ऑक्टोबरात सुरू होते आणि परतीच्या पावसाला तारीख पाळायची सवय नाही. व्यापारी मात्र तारीख देऊन बसलेला असतो. म्हणून इथे भारी गाड्यांची हौस हा शहरी शौक नाही. ज्याची बाग पांदणीच्या टोकाला आहे, त्याला अशी गाडी लागतेच. आता प्रश्न असा, की ही गाडी फसली तर ओढायची कुठून?

गावातल्या वेल्डिंगच्या दुकानासमोर यावर एक काका आणि त्यांचा पुतण्या यांचं चांगलंच जुंपलं. पुतण्या अमरावतीच्या पॉलिटेक्निकचा, आता बाग पाहतो. काकांनी अमरावती-परतवाडा रस्त्यावर काळीपिवळी कमांडर चालवली, नंतर ट्रॅक्टर धरला. पुतण्याला गाडीच्या पुढच्या बाजूला दोन मजबूत रिकव्हरी पॉइंट बसवायचे होते. काकांच्या मते तो पैसा चिखलात जाणार होता. बोलणं बरंच लांबलं. त्यातलं घरगुती वगळून बाकीचं इथे देतो.

काका: कंपनीनं हूक देला ना समोर? मंग हे दोन कायले?

पुतण्या: ती कडी आहे, काकाजी. बंपरवरचं झाकण काढायचं आणि ती आट्यांवर फिरवून बसवायची. बंद पडलेली गाडी डांबरी रस्त्यावरून हळूहळू ओढून न्यायची, एवढंच तिचं काम. मागच्या सप्टेंबरात शेजारच्या ट्रॅक्टरनं तिला एकच हिसका दिला आणि कडी वाकली. आणि चेसिसखाली ती जी भोकं आहेत, ती गाडी ट्रकवर चढवून नेताना बांधायला. त्यात हूक अडकवणारे पुष्कळ आहेत, पण तेवढ्यानं ती त्या कामाची ठरत नाहीत.

काका: म्या कमांडर किती डाव काढली! बंपरले साखळी गुंडाळली, ट्रॅक्टरवाल्याले हात केला, निंगाली. ना कडी, ना फडी.

पुतण्या: कमांडरचा बंपर म्हणजे जाड लोखंडी पट्टी, थेट चेसिसच्या दोन्ही दांड्यांना बोल्टनं आवळलेली. बंपर ओढला की चेसिसच ओढली जायची. माझ्या गाडीला समोर प्लास्टिक आहे. त्याच्या मागं पातळ पत्र्याची पेटी, ती धडक झाली की चेपावी म्हणूनच केलेली. तिला साखळी बांधली तर बंपर तुमच्या ट्रॅक्टरमागं गावात येईल आणि गाडी वावरात राहील.

काका: मंग एक्सलले बांध.

पुतण्या: पुढं आख्खा एक्सल नाहीच. डावं-उजवं चाक आपापल्या हातावर वेगळं झुलतं. साखळी टाय रॉडला लागली की तो वाकतो आणि मग गाडी निघाली तरी सरळ चालत नाही.

एवढ्यात काकांनी खाली बसून गाडीच्या पोटात डोकं घातलं आणि बराच वेळ काढलं नाही. या वादात पहिला गुण पुतण्याला द्यावा लागतो. तरी काका चूक बोलत नव्हते. त्यांचा अनुभव ज्या गाडीवर तयार झाला, त्या गाडीला तो लागू होता. जुन्या जीपच्या घाटणीची वाहनं घाव सोसायला बनवलेली, तर आताची घाव माणसापर्यंत पोचू नये म्हणून आधी स्वतः चेपायला बनवलेली. रस्त्यावर ते बरंच आहे. फक्त चिखलातून ओढताना ताण नेमका त्याच चेपणाऱ्या भागावर येतो.

काका: बरं. चेसिसले बांधाचं, इतलं मानलं. मंग दोन कायले? एक लाव.

पुतण्या: एका दांड्यावरून ओढलं तर गाडी तिरकी होते आणि चेसिसला पीळ पडतो. दोन्ही बाजूंना एकेक, त्या दोघांत रुंद पट्ट्याचा फास, आणि ओढीचा पट्टा त्या फासाला. म्हणजे भार वाटला जातो. फासाचे दोन पाय फार फाकवायचे नाहीत मात्र. त्यांच्यात एकशेवीस अंशांचा कोन झाला तर दोन्ही पायांवर पूर्ण पूर्ण भार येतो, मग वाटणी कसली?

काका: आन हे वेल्डिंगनं चिटकोशीन?

पुतण्या: नाही, बोल्टनं. चेसिसचं लोखंड वेल्डिंगच्या आचेनं सांध्याशेजारी बदलतं, तिथंच पुढं तडा जातो. शिवाय टाका आतपर्यंत उतरला की वरवर बसला, ते डोळ्यांना दिसत नाही. बोल्टच्या डोक्यावर निदान आकडा तरी असतो.

इथे पुतण्यानं खिशातून दोन बोल्ट काढले. दोन्ही बारा एमएमचे. एकाच्या डोक्यावर 8.8 कोरलेलं, दुसऱ्याच्या डोक्यावर 4.6. त्यानं ते काकांच्या तळहातावर ठेवले. वजन सारखं, चमक सारखी. 8.8 म्हणजे तुटायला दर चौरस मिलिमीटरला सुमारे 800 न्यूटन ताण आणि त्याच्या 80 टक्क्यांना तो कायमचा लांबायला लागतो. दुसऱ्याचा हिशेब 400 पासून. आडवा कापला जायला पहिला साधारण चार टन घेतो, दुसरा दोन. दुकानदारानं एकाच डब्यातून दोन्ही दिले होते म्हणे.

पुतण्या: हे बोल्ट नुसते आवळूनही चालत नाही. चेसिसचा दांडा आतून पोकळ, पेटीसारखा. बाहेरून पान्यानं आवळला की पेटी चेपते, बोल्ट सैल पडतो. म्हणून आत पाइपचा तुकडा बसवायचा आणि बोल्ट त्याच्यातून घालायचा. दुसऱ्या बाजूला नटाखाली जाड प्लेट.

काका: हे पाइपचं बराबर बोल्ला. नांगराच्या फाळाले आमी असंच करतो.

फाळाचं तसं करतात का, मला माहीत नाही. पण काकांनी होकार दिला म्हणून वाद संपला, असं कुणी समजू नये. ते पुढच्या मुद्द्यासाठी जागा करत होते.

काका: पण आता मले सांग, ओढाले किती टन लागते? हवेत बोलू नोको.

पुतण्या: गाडी अठराशे किलोची. चाळीस कॅरेट, बावीस-तेवीस किलोचा एक, म्हणजे नऊशे किलो. झाले सत्तावीसशे. सैन्याच्या गाड्या काढणाऱ्यांचा ठोकताळा आहे : चाकापर्यंत रुतली तर जेवढं वजन तेवढी ओढ. मडगार्डपर्यंत रुतली तर दुप्पट.

काका: कोन्या सैन्याचा?

पुतण्या: अमेरिकेच्या. त्यांच्या पुस्तकांत आहे.

काका: थ्या पुस्तकात आपली काळी माती हाय का?

रिद्धपुरात असा प्रश्न कुणाला उद्धट वाटू नये. याच गावात म्हाइंभटांनी लीळाचरित्र सिद्ध केलं, 1278च्या सुमारास, आणि त्यासाठी त्यातल्या घटना प्रत्यक्ष पाहिलेल्या-ऐकलेल्या माणसांना गाठून, ही लीळा तुम्हाला कुणी सांगितली, असं विचारत ते गावोगाव हिंडले. आता इथे मराठी भाषा विद्यापीठही आलं आहे. काकांना यातलं किती ठाऊक आहे, ते मी विचारलं नाही. पण त्यांचा प्रश्न अस्सल होता. सैन्याचा ठोकताळा कुठल्याही चिखलासाठी आहे. आपली चिकण माती गाडीच्या पोटाला खालून चिकटून धरते, ती ओढ त्यात धरायची की नाही? पुतण्या क्षणभर थांबला आणि मग सरळ म्हणाला, ‘धरायचीच. म्हणजे ठोकताळ्यापेक्षा जास्तच लागेल.’

काका: मंग तुहे चार टनाचे बोल्ट काय कामाचे?

पुतण्या: एका बाजूला दोन, दोन्ही बाजूंना मिळून चार बोल्ट. सोळा टन. एवढं जास्त ठेवतो ते हिसक्यासाठी. आता हिसक्याचा हिशेब ऐका. दोन टनांचा ट्रॅक्टर ताशी दहा किलोमीटरनं निघाला आणि साखळी ताठ झाली. त्या ट्रॅक्टरच्या अंगात साडेसात हजार ज्यूलच्या वर जोर असतो. साखळी ताणत नाही. समजा साखळी आणि आजूबाजूचं लोखंड मिळून दहा सेंटिमीटर दिलं, तर सरासरी पावणेआठ टनांचा दणका बसतो, आणि कळस त्याच्या दुप्पट. म्हणून काहीतरी तुटतं. साखळी, नाही तर हूक, नाही तर ट्रॅक्टरची पिन.

काका: आन तुह्या पट्ट्यानं?

पुतण्या: ओढायचा ताणपट्टा नायलॉनचा असतो. आठ टनांचा, नऊ मीटर लांबीचा पट्टा त्याच धक्क्याला साठ सेंटिमीटरच्या आसपास ताणतो. दणका सरासरी सव्वा टनावर येतो. कळस अडीच टनांच्या थोडा वर.

काका: किती म्हनला?

पुतण्या: अडीच. सव्वीसशे किलो धरा.

काका: आन गाडी सत्तावीसशेची.

पुतण्या हसला. दुकानातल्या पोरानं वेल्डिंगची काच वर केली.

काका: मंग निंगते कशी ते सांग! अबे, पयले कॅरेट उतरव ना! नऊशे किलो खाली ठेवले का गाडी अठराशेची. तुहा पट्टा सव्वीसशेनं ओढते. निंगाली! त्याले ना अमेरिका लागत ना पाइपचा तुकडा.

मला वाटतं, या सगळ्या संभाषणात सर्वांत मोलाचं वाक्य हेच. आणि ते काकांच्या तोंडून आलं असलं, तरी त्यामागचं गणित पुतण्याचं होतं. पट्टा मऊ आहे म्हणूनच त्याची ओढ मर्यादित आहे. साखळीनं वाटेल तेवढा दणका देता येतो, म्हणून साखळीवाल्याला कॅरेट उतरवायची बुद्धी होत नाही. मर्यादित ओढीत काम करायचं तर आधी गाडीचं ओझं कमी करावं लागतं, मग तिच्या पोटाखालची माती काढावी लागते, टायरमधली हवा अठरा-वीस पौंडांवर आणावी लागते. मऊ पट्टा घेणारा माणूस आपोआप फावडंही घेतो. निदान घ्यायला हवं.

काका: फावड्यानं चाकासमोर उतार करा लागते. भित नाही ठेवाची. पोटाखालून माती मोकळी करा लागते, म्हणजे हवा जाते. मंग बाभईच्या फांद्या टाका, काटे वर नाही, आडवे. इतलं केलं का निम्म्या डाव तं हूक लागतच नाही. तू सांग, गेल्या साली फावडं किती मारलं?

पुतण्यानं याचं उत्तर दिलं नाही.

काका: म्हनून म्हंतो. हूक मजबूत झाला का मानूस हुकते. आता वापसा नाही, चार दिवस थांबा लागते, हे तुले बी समजते. पण समोर दोन लोखंडी हूक दिसले का वाट्टे, जाऊन पाहू. थो हूकच तुले चिखलात नेईन.

पुतण्या: चार दिवस थांबलो तर फळ गळतं, काकाजी. आणि व्यापारी तोडणीची टोळी घेऊन दुसऱ्याच्या बागेत जातो. शिवाय नेहमी संत्र्यासाठीच जातो असंही नाही. वावरात कुणाला साप चावला, तर वापशाची वाट पाहू?

यावर दोघंही थोडा वेळ गप्प होते. मग काका पांदणीवर घसरले आणि त्यात माझ्या मते ते अर्धे बरोबर होते. त्यांचं म्हणणं, की खरा उपाय गाडीला नाही, रस्त्याला करायचा. 2021 साली सरकारनं मातोश्री ग्रामसमृद्धी शेत/पाणंद रस्ते योजना आणली, त्याआधीपासून मामलतदार न्यायालय कायदा, 1906 आहेच, कुणी वाट अडवली तर तहसीलदाराकडे जाता येतं. पण पांदणीवर मुरूम पडेपर्यंत दोन-तीन बहार निघून जातात, आणि एकदा मुरूम पडला तरी शेवटचा तुकडा, पांदणीपासून बागेच्या धुऱ्यापर्यंतचा, तो कुठल्याच योजनेत बसत नाही. गाडी तिथेच फसते. काकांनी ते मानलं नाही, मी आग्रहही धरला नाही.

काका: बरं, समोर इतलं लोखंड लावलं आन पोलिसानं धरलं तं? ते गार्ड बंद केले ना.

पुतण्या: क्रॅश गार्ड आणि बुल बार. डिसेंबर 2017 मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयानं राज्यांना पत्र पाठवलं, कारवाई करा म्हणून. मोटार वाहन कायद्याचं कलम 52. ते बरोबरच आहे. तसला गार्ड बाहेर आलेला असतो, पायी माणसाला लागतो, आणि धडक झाली की एअरबॅगला कळायला उशीर होतो. म्हणूनच मी समोर आडवी प्लेट लावत नाही. चेसिसच्या दांड्याला बाजूनं, चेपणाऱ्या पेटीच्या मागं, बंपरच्या बाहेर बोटभरही येणार नाही असं. गार्ड आणि हे एक नव्हे. तरी आरटीओत आधी विचारून घेतो.

काका: हे आधी सांगा लागत होतं.

गाड्या चिखलात घालणारे दुसरीकडेही आहेत. गोव्यात 2014 पासून भर पावसाळ्यात रेनफॉरेस्ट चॅलेंज नावाची शर्यत होते. अशा शर्यतीत गाड्या फसणार हे गृहीत धरूनच माणसं उतरतात. ऑस्ट्रेलियातल्या माळरानांवर गाड्या फिरवणारे मात्र एक धोक्याची गोष्ट सांगतात. तिथे ट्रेलर जोडायच्या गोळ्याला पट्टा अडकवला, गोळा तुटला आणि बंदुकीसारखा सुटून माणसं दगावली. असे प्रकार एकाहून अधिक झाले आहेत. मी हे सांगितल्यावर काकांनी मान डोलावली आणि पहिल्यांदाच पुतण्याच्या बाजूचं एक वाक्य बोलले.

काका: साखयी तुटली का कुठी जाते, म्या पाह्यली हाय. ट्रॅक्टरवाल्याच्या मागून फयीसारखी येते. पोट्टे तं मधातच उभे राह्यतात, मोबाइल धरून.

पुतण्या: पट्टा जेवढा लांब, त्याच्या दीडपट अंतर सगळ्यांनी राखायचं. पट्ट्याच्या मधोमध ओलं पोतं टाकायचं, तुटला तर त्या वजनानं खाली बसतो. पट्टा पॉइंटला जोडणाऱ्या शॅकलची पिन पूर्ण आवळून पाव फेरा मागं घ्यायची, नाही तर ओढीनं अडकून बसते. आणि ट्रॅक्टरवाल्याला आधीच सांगायचं, की सुरुवात सैल पट्ट्यानं पण हळू. पहिल्या ओढीला नाही निघाली, तर वेग वाढवायचा नाही.

काका: थो आइकते का?

पुतण्या: तुम्ही सांगितलं तर ऐकेल.

काकांना हे आवडलं. चेहऱ्यावर दाखवलं नाही, इतकंच. गावात ट्रॅक्टर कुणाच्या शब्दावर हळू निघतो, यावर सगळा हिशेब अवलंबून असतो. वेग दहाचा पंधरा केला तर जोर दीडपट होत नाही, सव्वादोनपट होतो. पुतण्यानं हे चुन्याच्या खडूनं जमिनीवर लिहून दाखवलं. काका उभ्या उभ्या पाहत होते.

काका: थे समजलं. आता एक सांग. गाडी भरून येते तवा तिचं तोंड गावाकडं. ट्रॅक्टर गावाकून येते. म्हनून समोरून ओढाचं. बराबर?

पुतण्या: बरोबर. पांदणीत वळायला जागा नाही, म्हणून तर पुढचे पॉइंट.

काका: आन सकाई रिकामी जातानी फसली तं? तोंड वावराकडं. ट्रॅक्टर मागून येईन. मागं काय हाय तुह्या गाडीले?

पुतण्या: मागं... कंपनीची कडी.

काका: थेच, वाकते म्हनला ते?

पुतण्या: रिकामी गाडी हलकी असते, काकाजी. आणि पुढचाच खर्च बराच आहे. मागचं पुढच्या बहाराला पाहू.

काका: ज्या रस्त्यानं गेला, त्याच रस्त्यानं मागं ओढनं सोपं, हे तुह्या अमेरिकेच्या पुस्तकात नाही का? मागची चाकोरी तयार असते. म्या सांगतो, मागचं आधी कर.

पुतण्या: भरलेली गाडी पुढं तोंड करून फसते म्हणून एवढं सगळं चाललंय ना?

काका: मंग दोन्ही कर. पैसे कमी पडले तं थ्या शॅकलमधला एक कमी आन, पट्ट्याचा फास मी देतो. पण मागं बोल्ट तेच, आठवाले. चारवाले नाही चालनार. आन त्या दुकानदाराले पुन्हा एका डब्यात हात घालू नोको देऊ.

पुतण्यानं मोबाइलवर लिहून घेतलं : बारा एमएम, 8.8, आठ नग.